ओलाव्याचा रकाना: व्यावसायिक संवादाचं प्रमाणपत्र आणि कापसाचा एक हंगाम

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे. तिथे संवादाचं काम पाहणाऱ्या एका बाईंनी आंतरराष्ट्रीय व्यावसायिक प्रमाणपत्राची तयारी केली, आणि त्या तयारीत मी मार्गदर्शक होतो. कंपनीचं, माणसांचं, गावांचं नाव देत नाही. शेतकरी त्यांना ‘ताई’ म्हणतात, संचालक ‘मॅडम’ म्हणतात. मी इथे ताईच म्हणेन.

प्रमाणपत्र मिळालं, ही बातमी झाली. प्रकरण म्हणून लिहून ठेवावं असं वाटलं ते वेगळ्या कारणानं. सरावासाठी म्हणून ताईंनी स्वतःचंच एक चालू काम तपासायला घेतलं आणि गावोगाव जाणारा संदेशच खोटा निघाला. वाईट हेतूनं कुणी खोटं लिहिलं नव्हतं. हिशेब कुणी केला नव्हता, एवढंच.

पद

शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी केंद्राची १०,००० एफपीओंची, म्हणजे शेतकरी उत्पादक संस्थांची, योजना २०२० मध्ये आली. तीत एका कंपनीला तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी १८ लाखांपर्यंत मदत मिळते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला महिना २५,००० पर्यंत, हिशेबनिसाला १०,००० पर्यंत पगाराची तरतूद आहे. संवाद अधिकारी नावाचा माणूस त्या तक्त्यात कुठेच नाही. म्हणजे सभासदांशी बोलणं हे काम सगळ्यांचं, आणि म्हणून कुणाचंच नाही.

ताईंचं पद कागदावर ‘समन्वयक’. प्रत्यक्षात सभासद नोंदणी, बैठकांचे इतिवृत्त, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, फ्लेक्स, पाहुणे आले की सादरीकरण, आणि ग्रामसभेत माइक हातात घेणं. त्याआधी काही वर्षं बचत गटांच्या प्रकल्पात. शिक्षण मुक्त विद्यापीठातून बीए. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळतात.

त्यांना प्रमाणपत्र का हवं होतं? मी विचारलं तेव्हा उत्तर सरळ होतं. “बैठकीत मी बोलले का सगळे ऐकतात, पन ठरते तेव्हा मले बाहेर चहा सांगायले पाठवतात.” पगार वाढावा ही अपेक्षा होतीच, आणि ती लपवण्याचं काही कारणही नाही.

कोणतं प्रमाणपत्र

या क्षेत्रात आयएबीसी, म्हणजे इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स, ही १९७० पासूनची संस्था. तिची एबीसी ही जुनी मान्यता होती. तिच्यासाठी केलेल्या कामाचे नमुने सादर करायचे, मग लेखी आणि तोंडी परीक्षा. ती नव्या उमेदवारांसाठी बंद झाली आणि तिच्या जागी ग्लोबल कम्युनिकेशन सर्टिफिकेशन कौन्सिलची दोन प्रमाणपत्रं आली. सीएमपी हे संवाद व्यवस्थापनाचं काम प्रत्यक्ष सांभाळणाऱ्यांसाठी, आणि एससीएमपी धोरण ठरवणाऱ्या वरच्या पातळीसाठी. दोन्हींना अनुभवाची अट आहे आणि परीक्षा बहुपर्यायी आहे. एकदा मिळालं की झालं असंही नाही. दरवर्षी नवं शिकल्याचे गुण दाखवून ते टिकवावं लागतं. आपल्याकडे १९५८ पासून पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया आहे. तिच्या शहरी शाखांच्या कार्यक्रमांना जाणं ताईंना जमलं असतं तर मी तेही सुचवलं असतं. पण त्यांना घरी बसून, आपल्या वेळेत अभ्यास करता येईल असं काही हवं होतं.

सगळी परीक्षा आयएबीसीच्या सहा तत्त्वांवर उभी आहे: नीतिमत्ता, सातत्य, संदर्भ, विश्लेषण, धोरण आणि सहभाग. वाचायला हे शब्द गुळगुळीत वाटतात. मलाही वाटले होते. कापसाच्या काट्यावर नेऊन ठेवले तेव्हा त्यांना कडा फुटल्या.

अर्जातली पहिली अडचण मात्र तत्त्वांची नव्हती. अनुभव दाखवायचा कसा? जुन्या प्रकल्पाच्या नेमणूकपत्रात ‘समूह संघटिका’ आणि ‘माहिती संकलन’ लिहिलेलं. संवाद हा शब्दच नाही. मग त्या काळातल्या कामांची यादी काढली, कोणत्या गटाला कशासाठी काय सांगितलं, त्यातून काय ठरलं. जुन्या वरिष्ठांकडून तसं पत्र घेतलं. खेड्यात काम करणाऱ्या कुणालाही हा सल्ला देईन: पदनाम बदलून मागू नका, कामाचं वर्णन मागा. वरिष्ठ पहिल्याला घाबरतात, दुसऱ्यावर सही करतात.

सरावाचा आराखडा

सीएमपीला एबीसीसारखे कामाचे नमुने द्यावे लागत नाहीत. तरी मी उमेदवारांकडून एक काम लिहून घेतोच. आयएबीसीच्या गोल्ड क्विल पुरस्कारांसाठी जो आराखडा भरतात त्याच धर्तीवर: संस्थेची गरज काय होती, ऐकणारे कोण, उद्दिष्ट काय, उपाय काय, अंमलबजावणीत काय आडवं आलं, आणि मोजलं काय. तिथे परीक्षक १ ते ७ गुण देतात, मीही तसेच देतो.

ताईंनी निवडलेलं काम २०२४-२५ च्या हंगामाचं. हंगाम नुकताच सुरू झाला होता, म्हणजे काम चालू होतं. कंपनीचं संकलन केंद्र एका जिनिंगच्या, म्हणजे सरकी-रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात आहे. सभासदांचा काही कापूस कंपनी स्वतः घेते, रुई काढून विकते; बाकीच्यांना सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभावाच्या खरेदीला गाडी लावायला मदत करते. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि खाजगी बाजार त्याच्या खालीच रेंगाळत होता. त्यामुळे सगळ्यांची धाव हमीभावाकडे. तिथे ओलाव्याचा नियम आहे: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये दर टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर कापूस घेतच नाहीत. कंपनीनंही आपल्या काट्यावर तोच नियम लावला होता.

परतीच्या पावसानंतर नोव्हेंबरात गाड्या येऊ लागल्या आणि परतही जाऊ लागल्या. भाडं जायचं, यायचं, फाटकावर वाद. संचालक मंडळानं ठरवलं की जनजागृती करा. ताईंनी केली. पहिल्या मसुद्यात त्यांनी अभिमानानं लिहिलं होतं: किती ग्रुपवर पोस्टर गेलं, किती गावांत बैठका झाल्या, किती फ्लेक्स लागले, सोबत फोटो. पोस्टरवरचा मजकूर असा: ‘शेतकरी बांधवांनो, कापसातील आर्द्रता ८ टक्क्यांपर्यंत राखा व प्रति क्विंटल ३०० रुपयांचे नुकसान टाळा.’

मी त्याला ७ पैकी २ गुण दिले. ताई दुखावल्या, आणि ते स्वाभाविक होतं. मेहनत खरी होती. पण त्या लेखात कंपनीनं काय काय केलं तेच होतं. त्यामुळे कापसाचं काय झालं, हे शेवटपर्यंत कळत नव्हतं. मोजमापाबद्दलची बार्सिलोना तत्त्वं २०१० मध्ये मांडली गेली, त्यांचा रोख इथेच आहे: किती पाठवलं यापेक्षा काय बदललं ते मोजा. सरकारी योजनांच्या अहवालांनी आपल्याला उलटी सवय लावली आहे. उपस्थितीपट आणि फोटो असले की बैठक ‘झाली’. ताईंचा दोष त्यात थोडा, वातावरणाचा जास्त.

काटापट्टी

“मोजू कशावर?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. सर्वेक्षणाला पैसे नव्हते. मी विचारलं, गाडी परत जाते तेव्हा कुणी काही लिहितं का? तेव्हा कळलं की ग्रेडरची, म्हणजे कापसाची प्रत तपासणाऱ्याची, एक वही आहे. प्रत्येक गाडीची तारीख, वेळ, गाव, वजन, ओलावा मोजणाऱ्या मीटरचं वाचन, कचऱ्याचा शेरा. काटापट्टीवरही, म्हणजे वजनाच्या पावतीवरही, ओलाव्याचा रकाना होता. सगळी माहिती रोज कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर लिहिली जात होती आणि संवादाच्या कामाशी तिचा संबंध कुणी लावला नव्हता.

ताईंनी ती वही संगणकात उतरवली. रात्री, घरी, मुलाच्या मदतीनं. आणि गावनिहाय लावल्यावर चित्र पालटलं. परत गेलेल्या गाड्या सगळीकडून सारख्या नव्हत्या. त्या ठरावीक गावांतून होत्या. पोस्टर तर सगळीकडे सारखंच गेलेलं.

संचालक मंडळातल्या एकाचं मत पक्कं होतं: “पानी मारते लोकं. लिहा ना सरळ, पानी मारू नका म्हनून.” वजन वाढवायला पाणी शिंपडणं होत नाही असं नाही. पण वहीतून ते सिद्ध होत होतं का? नाही. सभासदांवर पुराव्याशिवाय चोरीचा आळ घेणारं पोस्टर कंपनीच्या नावानं लावायचं नाही, असं ताईंनी त्या बैठकीत सांगितलं. नीतिमत्तेचं तत्त्व पुस्तकात फार भारदस्त भाषेत असतं. प्रत्यक्षात ते असं, भर बैठकीत एका संचालकाला नाही म्हणण्याइतकं अवघड.

मग त्या गावांत वेगळं काय आहे? ताईंना दोन-तीन चकरांत उत्तर सापडलं. तिथे वेचणी मजुरीनं होते, बाहेरगावच्या बायका गाडीनं येतात आणि भल्या सकाळी पऱ्हाटीत उतरतात. दहिवर पडलेलं असतं. जिथे घरचीच माणसं वेचतात तिथे बाई स्वयंपाकपाणी, लेकरांची शाळा उरकून वावरात जाते, तोवर बोंडं कोरडी झालेली. त्या गावांची वाचनं बहुतेक १२ च्या आत.

म्हणजे ‘शेतकरी बांधवांनो’ हे संबोधनच चुकीच्या दारावर गेलं होतं. कापूस किती ओला येणार हे वेचणाऱ्या बायांच्या हातात होतं, आणि त्या कंपनीच्या कोणत्याही ग्रुपवर नव्हत्या.

वस्तीवरच्या दोन बैठका

इथून पुढे मी थोडं सविस्तर लिहितो, कारण या प्रकरणाचा जीव इथे आहे.

मंडळानं नवीन माहिती ऐकून लगेच तोडगा काढला: वेचणी सकाळी दहानंतर सुरू करा, तसं पोस्टर काढा. ताईंनी पोस्टर काढलं नाही. आधी मजूर बायांच्या वस्तीवर संध्याकाळी बैठक घेतली. त्यांच्यातली एक बाई टोळी जमवते, मालकाशी दर ठरवते, तिच्या अंगणात.

दहाचं नाव काढताच गलका झाला. “दहाले गेलो त भरन किती? आमाले किलोवर पैसे भेटते, ताई. दोन तास गेले का आमचा रोज गेला.” दुसरी म्हणाली ते आणखी महत्त्वाचं होतं. “सकाळी पाती नरम राह्यते. ऊन झालं का चुरा होते अन् कापसाले चिकटते. मंग तुमीच म्हनान, कचरा आनला.”

ती बरोबर होती. वाळलेली पानं उन्हात कुरकुरीत होतात आणि त्यांचा चुरा सरकीसकट रुईत अडकतो. कृषी विभागाच्या सल्ल्यातही वेचणी थंड वेळी करावी असंच सांगतात, कचरा कमी यावा म्हणून. पण थंड वेळ म्हणजे दहिवराचीही वेळ. ओलावा टाळावा तर कचरा, कचरा टाळावा तर ओलावा. मंडळाच्या तोडग्यानं बायांची मजुरी बुडाली असती आणि कापसाची प्रतही. हे त्या अंगणात दहा मिनिटांत कळलं.

दुसरी बैठक शेतकऱ्यांची. तिथे ताईंनी आपलं पोस्टर वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, यात काय चुकलं सांगा. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, “वाळवलं त वजन घटते ना? शंभर किलोचे सत्त्यान्नव भरतीन. मंग तीनशे कोनाचे वाचले?”

बैठकीत हशा झाला. ताईंनी त्या रात्री मला फोन केला आणि आम्ही दोघांनी हिशेब मांडला. १२ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल कापूस. हमीभावातून चार टक्के कपात, म्हणजे ३०० रुपये ८४ पैसे. हाती ७,२२० रुपये. आता तोच कापूस वाळवून ९ टक्क्यांवर आणा. कपात एकच टक्का, क्विंटलचा भाव ७,४४५ च्या वर. पण ३ टक्के पाणी उडालं. शंभर किलोचे जेमतेम सत्त्याण्णव किलो उरले. रक्कम होते ७,२०० च्या आसपास. दोन्हीकडे जवळपास सारखंच! कपातीचा नियम मुळात पाण्याचे पैसे न देण्यासाठी आहे. त्यात शेतकऱ्याचं ३०० रुपयांचं ‘नुकसान’ नव्हतंच. शेतकऱ्यांना हे कळत होतं, म्हणून तर ते पोस्टर वाचून गप्प बसत होते. आम्ही त्यांना अडाणी समजत होतो.

खरं नुकसान १२ च्या रेषेपलीकडे होतं. तिथे कपात नाही, थेट माघारी. भाडं दोनदा, दिवस वाया, आणि वाटेत कुणी व्यापारी भेटला तर पडेल भावात खेडा खरेदी. म्हणजे कंपनीचा संदेश ‘८ वर आणा’ असा असायलाच नको होता. ‘१२ च्या वर नेऊ नका’ एवढाच खरा आणि पुरेसा.

विश्लेषण आणि संदर्भ ही तत्त्वं मी वर्गात कितीतरी वेळा शिकवली आहेत. त्या म्हाताऱ्याइतकी नेमकी मला एकदाही शिकवता आली नव्हती.

तोडगा

उपाय बायांनीच सुचवला, मोबदल्यासकट. सकाळची पहिली भर वेगळ्या फडक्यावर टाकायची, दुपारी तिचं वजन वेगळं करून मजुरीत धरायचं, आणि तो कापूस संध्याकाळपर्यंत उन्हात पसरून मगच गंजीत मिसळायचा. बायांची मजुरी ओल्या वजनावर, म्हणजे त्यांचं काही जात नाही. शेतकऱ्याच्या घरी पसरायला-गोळा करायला एका माणसाचं काम वाढतं. दोनदा काटा लावावा लागतो, यावर कुरकुर झाली. काहींनी सरळ नाही म्हटलं. पण ज्यांची गाडी आधी परत आली होती ते तयार झाले.

मीटर कुणाच्या घरी नसतो. त्यासाठी जुनी खूण पुन्हा बाहेर काढली: सरकी दाताखाली धरायची, ‘कट्’ वाजली तर वाळली, दबली तर अजून ओली. ही परीक्षा १२ चा आकडा सांगत नाही, हे ताईंनी प्रत्येक बैठकीत बजावून सांगितलं. पण गाडी भरावी की एक दिवस थांबावं, एवढं ठरवायला ती चालते.

आणखी एक श्रोता सगळ्यांच्याच नजरेतून सुटला होता: छोटा हत्ती चालवणारा ड्रायव्हर. गाडी परत आली की परतीच्या भाड्यावरून पहिलं भांडण त्याच्याशी होतं. गाडी भरताना चार ठिकाणची सरकी चावून बघायला त्याला कुणी सांगितलं तर तो ऐकणारच, त्याचाही स्वार्थ आहे. ताईंनी ड्रायव्हरांना वेगळं बसवलं. माझ्या मते सगळ्या मोहिमेतला सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाचा भाग हाच.

माध्यमाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पोस्टर बंद केलं. टोळीच्या बाईच्याच आवाजात, वऱ्हाडीत, मिनिटभराचा ध्वनिसंदेश केला आणि तो रात्रीच्या जेवणानंतर पाठवला. सीतादहीच्या दिवशी, म्हणजे पहिल्या वेच्याआधी वावरात पूजा होते तेव्हा, शेतकरी आणि वेचणाऱ्या बाया एकत्र असतात. तो दिवस त्या वर्षी निघून गेला होता. पुढच्या हंगामासाठी तो दिवस आराखड्यात लिहून ठेवला आहे.

मंडळाची बैठक

ताईंनी मंडळासमोर हे सगळं एका कागदावर ठेवलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की आपलं आधीचं पोस्टर चुकीचा हिशेब सांगत होतं आणि ते मागे घ्यावं. मी त्यांना ही ओळ खाली टाकायला सुचवलं होतं, मंडळ बिथरेल म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं, शेतकरी बैठकीत हसले ते मंडळापर्यंत तसंही पोचणार. मग आपणच आधी सांगितलेलं बरं.

मंडळ बिथरलं, थोडं. फ्लेक्सचे पैसे गेले त्याचं काय, हा पहिला प्रश्न. मग अध्यक्षांनी खिशातून मोबाइल काढून हिशेब स्वतः करून पाहिला, आणि नंतर विरोध उरला नाही. आकड्यांशी त्यांचं वैर नव्हतं. त्यांच्यापुढे आजवर कुणी आकडे ठेवले नव्हते, फोटो ठेवले होते.

मोजणी

उद्दिष्ट नव्यानं लिहिलं. ‘जागृती वाढवणे’ काढून टाकलं. त्या ठरावीक गावांतून परत जाणाऱ्या गाड्या डिसेंबरअखेर निम्म्यावर आणणं, आणि तसं करताना कचऱ्याचा शेरा वाढू न देणं. दुसरी अट ताईंची. एक सुधारताना दुसरं बिघडलं तर ते आपल्याला आधी कळावं, म्हणून.

परत जाणाऱ्या गाड्या निम्म्याहून खाली आल्या. पहिल्या आनंदात ताईंनी तसंच लिहून पाठवलं. मी विचारलं, पाऊस थांबल्यावर, हवा कोरडी झाल्यावर त्या आपोआप कमी झाल्या नसत्या का? इथे वहीच पुन्हा उपयोगी पडली. काही गावांत वेळेअभावी बैठका झाल्याच नव्हत्या. त्यांच्याशी ताडून पाहिलं. तिथेही गाड्या परत जाणं कमी झालं होतं, पण उशिरा. फरक दिसला तो पहिल्या पंधरवड्यात. महिनाअखेर दोन्हीकडचं चित्र एकमेकांच्या जवळ आलं. म्हणजे मोहिमेचं श्रेय पंधरवड्यापुरतं, पुढचं हवेचं. ताईंनी ते तसंच लिहिलं. याला मी ७ पैकी ६ दिले. निकाल लहान झाला, पण आता तो कुणी खोडून काढू शकत नव्हतं.

एका गावात काहीच बदललं नाही. कारण शोधलं तर तिथला चांगला, कोरडा कापूस व्यापारी घरून उचलत होते आणि केंद्रावर उरलासुरला यायचा. रोख पैसे हातात पडतात, उसनवारी भागते. त्या गावाची अडचण पैशांच्या घाईची होती आणि तिला संदेशाचं औषध नव्हतं. आराखड्यात ताईंनी तेही लिहिलं: ‘हे संवादानं सुटणारं नाही.’ असं वाक्य लिहिता येणं ही मला या व्यवसायातली मोठी पायरी वाटते. बहुतेक संस्थांत उलट घडतं, भाव द्यायचा नसला की पोस्टर लावतात.

परीक्षा

तिच्याबद्दल थोडक्यात. इंग्रजी हीच मुख्य भीती होती. रोज सकाळी थोडं वाचन, कठीण शब्दांची वही, आणि मी तयार केलेले प्रसंगावरचे सरावप्रश्न. ताई सुरुवातीला नेहमी ‘संदेश तयार करा’ असला पर्याय निवडायच्या, कारण आजवर त्यांच्याकडून तेच मागितलं गेलं होतं. काट्याची वही उतरवून झाल्यावर त्यांचा हात आपोआप ‘आधी माहिती घ्या’कडे जाऊ लागला. गावात नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून परीक्षा त्यांनी नागपूरला नातेवाइकांकडे राहून दिली. उत्तीर्ण झाल्या.

शुल्क डॉलरमध्ये. कंपनीनं अर्धं दिलं, आणि हिशेबनिसानं ते कोणत्या खात्याला टाकायचं यावर बराच खल केला. शेवटी प्रशिक्षणात टाकलं. पगार किरकोळ वाढला. पदनाम अजून ‘समन्वयक’च आहे. दरवर्षी प्रमाणपत्र टिकवायचा खर्च कोण करणार हे ठरलेलं नाही, आणि माझा सल्ला असा की हे आधी लेखी ठरवूनच अर्ज करावा.

२०२५-२६ ला हमीभाव ८,११० रुपये झाला आणि सीसीआयनं विक्रीआधी कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी मागितली. मंडळानं ताईंना नोंदणीचं पोस्टर करायला सांगितलं. त्यांनी आधी सभासदांची यादी घेऊन बसून पाहिलं: कापसाची ई-पीक पाहणी कुणाची झाली आहे, सातबारा कुणाच्या नावावर आहे, आधारला कोणता नंबर जोडला आहे. बऱ्याच जणांचा नंबर पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा निघाला. ओटीपी तिकडे जाणार, कापूस इकडे. त्यामुळे पहिला संदेश शेतकऱ्यांना न जाता पुण्यातल्या पोरांना गेला: या तारखेला, या वेळेत फोन उचला. विधवा बायांचा प्रश्न वेगळा होता, जमीन अजून सासऱ्याच्या नावावर. त्यांची यादी घेऊन ताई तलाठ्याकडे गेल्या. तेवढ्यात नोंदणीची मुदत वाढली आणि त्यातल्या काहींची कामं तरी झाली. उरलेल्यांचे फेरफार अजून चालू आहेत.